डागाळलेल्या भिंगाचं देणं

लेकीने नवा कॅमेरा घेतला आहे, सोबत १८-५५ची लेन्स आली आहे, पण संध्याकाळी घरात काढलेले फोटो हललेले येतात. थोडक्या पैशांत दुसरी कोणती लेन्स घ्यावी, असं अकोल्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. उत्तर एका ओळीचं आहे: ५० मिलिमीटर, एफ १.८. पण ती इतकी चांगली असून स्वस्त कशी, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी हिशेब. ५०ला १.८ने भागलं की प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो, सुमारे २८ मिमी. सोबत आलेली लेन्स ५०च्या आसपास एफ ५.६पर्यंतच उघडते, म्हणजे जेमतेम ९ मिमी. प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे फरक नऊ-दहा पटींचा. जिथे तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तिथे हिला जवळपास शंभरावा पुरतो. तेवढ्या वेळात पोळी लाटणारी आई हलत नाही.

या लेन्सचा आराखडा १८९६चा आहे. जर्मनीतल्या येना गावी, झाइसच्या कारखान्यात पॉल रुडॉल्फने सहा भिंगं मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडली. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखं वजन असलं की खांदा कलत नाही, तसंच इथे होतं. पुढच्या अर्ध्या भागाने सरळ रेषेला दिलेला बाक मागचा अर्धा भाग उलट बाजूने देतो आणि रेष सरळ होते. कडांना फुटणारे रंगही असेच बरेचसे फिटतात. त्याने नाव दिलं प्लानार.

पण काच आणि हवा भेटतात तिथे दर वेळी चार-पाच टक्के प्रकाश परततो. प्लानारमध्ये अशा आठ जागा. तीसेक टक्के प्रकाश वाया जायचा, आणि त्यातला काही आतल्या आत भटकून चित्र फिकं करायचा. १९०२मध्ये रुडॉल्फनेच चार भिंगांची टेसार आणली आणि प्लानार मागे पडली.

तिला परत आणणारी गोष्ट त्याआधीच इंग्लंडमधल्या यॉर्कला दिसली होती. हॅरल्ड डेनिस टेलर दुर्बिणींची भिंगं घडवायचे. वर्षानुवर्षं हवा लागून काही भिंगांवर डागाळल्यासारखी झाक चढते. कुणीही ती घासूनच काढली असती. टेलरनी १८९२च्या सुमारास ताडलं, की डागाळलेल्या भिंगातून नव्यापेक्षा जास्त प्रकाश पलीकडे जातो! मला हा क्षण फार आवडतो. मग रसायनं लावून मुद्दाम झाक आणायचे प्रयोग त्यांनी केले, पण प्रत्येक जातीच्या काचेवर सारखा परिणाम काही मिळेना.

डागाळलेल्या भिंगातून जास्त प्रकाश का जातो, याचं कारण प्रकाशाच्या लाटांमध्ये आहे. त्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लाटा एकीचा माथा दुसरीच्या खोलगटात येईल अशा जुळल्या, तर परावर्तन विरतं आणि तो प्रकाश पुढे जातो. १९३५मध्ये झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत असा थर चढवण्याची रीत बसवली. लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, जांभळी-हिरवी चमक दिसेल. ती या दोघांची देणगी. टेलर यांचं नाव निघतं ते त्यांच्या तीन भिंगांच्या लेन्ससाठी. डागाची ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आराखडा जुना, भिंगं पाच-सहाच, झूमचे सरकणारे भाग नाहीत, म्हणून किंमत कमी. शिवाय आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्स बसते ती जागा सेन्सरपासून ४४-४७ मिमीवर असते. ५०ला ते अंतर सहज जमतं. त्याहून रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला प्रतिमा मुद्दाम मागे ढकलावी लागते, काचा वाढतात.

एक अडचण मात्र आहे. लहान सेन्सरवर ५० ही ७५-८०सारखी वागते. चेहऱ्यांना छान, पण दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. घरातलेच फोटो जास्त असतील, तर थोडे पैसे साठवून ३५ घ्या.

जुनी लेन्स घेतलीत तरी चालेल. मागून टॉर्च मारून आरपार पाहा. धुळीचे चार कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. कोकणात पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि काच ओढणीने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, कारण तो थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा आहे.