चार खाटांचा संसार

सक्करदऱ्याहून महालात किंवा बर्डीवर जाताना ‘मातृसेवा संघ’ ही पाटी तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल. कुणा बाळंतिणीला डबा पोचवायला आतही गेला असाल. पण हे घर उभं करणारी बाई एक नर्स होती, आणि तीही बालविधवा, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

त्या कमलाताई होस्पेट. जन्म १८९६ सालचा, खानदेशातल्या शिरपूरचा. लहानपणीच लग्न झालं आणि संसार म्हणजे काय ते कळायच्या आत कपाळ पांढरं झालं. अशा मुलीनं त्या काळी कोपऱ्यात बसायचं, घरच्यांचं रांधायचं, एवढंच. कमलाताईंनी मात्र नागपूरच्या डफरीन दवाखान्यात परिचारिकेचं शिक्षण घेतलं. हाच पुढचा डागा दवाखाना. कुणाच्याही अंगाला हात लावायचा, कुणाचंही बाळंतपण करायचं, म्हणून तेव्हा चांगल्या घरची माणसं या कामाला नाकं मुरडत.

आणि बाळंतपण तरी कसं? घरातली सगळ्यांत अंधारी खोली, शेगडीचा धूर, जुनेरं आणि हाताला येईल त्यानं नाळ कापणं. त्यातून आईला बाळंतज्वर, बाळाला धनुर्वात. दोष नशिबाला लागे. खरी उणीव असे ती स्वच्छ हातांची.

ती भरून काढायला १९२१ साली वेणूताई नेने यांना बरोबर घेऊन कमलाताईंनी सीताबर्डीत सूतिकागृह काढलं. किती मोठं? अवघ्या चार खाटांचं! आपल्या हळदीकुंकवालासुद्धा याहून जास्त सतरंज्या लागतात.

हौस म्हटलं की आपल्याला भरतकाम, विणकाम, रांगोळी आठवते. कमलाताईंची कलाकुसर निराळी होती. गरज दिसली की तिच्याभोवती त्या टाका टाका घालत संस्था विणत. बघता बघता विदर्भात शाखा झाल्या. शिकायला आलेल्या मुलींच्या हाताला काम मिळालं. त्यांत माहेरी-सासरी कुठंच थारा नसलेल्याही होत्या. मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’, म्हाताऱ्यांसाठी ‘पंचवटी’, समाजकार्याचं शिक्षण, असा संघाचा पसारा वाढत गेला. १९६१ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. १९८१ साली त्या गेल्या. स्वतःचं मूल नाही, पण किती बाळांचं पहिलं रडणं त्यांच्या संस्थेनं ऐकलं, त्याची मोजदाद कोण करणार?

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच काही संस्था काढणार नाही. पण शेजारची सून बाळंत होऊन घरी आली की एक करा. बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवा. नाळेला हळद, राख, तेल काही लावू देऊ नका. ती कोरडीच ठेवायची. आणि आईचं पहिलं चिकाचं दूध कुणी टाकून द्यायला सांगितलं तर, सासूबाई का असेनात, गोड बोलून थांबवा.

कमलाताईंची आठवण ठेवायची ती अशीच, हातानं.