औषध, वैद्य आणि रोग्याचे मत

दवाखान्यातले एक दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉक्टर रक्तदाब मोजतात, कपाळाला आठी घालतात, चिठ्ठीवर एक नाव लिहितात आणि सांगतात, "ही गोळी रोज सकाळी घ्यायची. चुकवायची नाही." समोरचे गृहस्थ "बरं, डॉक्टरसाहेब" म्हणून मान डोलावतात. घरी आल्यावर पत्नी विचारते, "काय म्हणाले?" तेव्हा हेच गृहस्थ उत्तर देतात, "काय म्हणणार! जन्माची गोळी गळ्यात बांधली. मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" चार दिवस गोळी घेतली जाते, पाचव्या दिवशी राहून जाते, आणि पंधरवड्याने ती पट्टी कपाटाच्या खणात जाऊन पडते. पुढच्या खेपेस डॉक्टर विचारतात, "गोळी चालू आहे ना?" उत्तर ठरलेले असते : "हो, हो."

आमच्या आजच्या विवेचनाचा विषय हा 'हो, हो' आहे. रोग्याचे वैद्याशी मत जुळत नाही, ही गोष्ट नवी नाही आणि लाजिरवाणीही नाही. परंतु मतभेद तोंडाने बोलला जातो की खणात लपवला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. बोललेला मतभेद हा उपचाराचाच एक भाग होय. लपवलेला मतभेद मात्र रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. एवढे एकच सूत्र आम्ही येथे मांडणार आहोत.

आपल्या जुन्या वैद्यकाला याची जाण होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. यांतील प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती आहे, भित्रेपणा नसणे आहे आणि 'निर्देशकारित्व', म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, हेही आहे. परंतु यांच्याच पंगतीला 'ज्ञापकत्व' बसवले आहे. म्हणजे आपल्याला काय होते ते वैद्याला नीट कळवण्याची शक्ती. गंमत अशी की आपल्या समाजाने यांतला सांगितलेले ऐकण्याचा गुण तेवढा उचलला आणि सांगण्याचा गुण टाकून दिला. डॉक्टरांनाही ऐकणारा रोगी आवडतो, बोलणारा फारसा आवडत नाही. परिणामी दोन्ही बाजूंनी सभ्यता पाळली जाते आणि गोळी खणात राहते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे मात्र कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जुनाट रोगांवरील औषधे दीर्घकाळ सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सधन देशांतसुद्धा सरासरी निम्म्याच्या आसपास असते, असे त्यात नमूद आहे. म्हणजे शिकलेला, पैसा असलेला, दवाखाना जवळ असलेला माणूसही हेच करतो. तेव्हा याला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येणार नाही. कारणेच पाहिली पाहिजेत.

उच्च रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ, कारण ते घरोघरी आहे. या विकाराचा पहिला विचित्रपणा असा की तो बहुधा दुखत नाही. ताप आला तर अंग तापते, दाढ किडली तर ठणका लागतो. रक्तदाब १६० झाला तरी माणूस मजेत बाजारहाट करतो. दरम्यान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होत असतात, हृदयाच्या डाव्या कप्प्यावर ताण पडत असतो, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या बारीक वाहिन्या झिजत असतात. हे वर्षानुवर्षे चालते आणि कळते ते एखाद्या सकाळी हात उचलेनासा झाला म्हणजे. येथे रोगी म्हणतो, "मला काही होत नाही," आणि डॉक्टर म्हणतात, "पुढे होईल." एक आजची गोष्ट बोलतो, दुसरा दहा वर्षांनंतरची. दोघेही खरेच बोलत असतात. परंतु आपण वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत आहोत, हे एकमेकांना सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप 'सवय लागण्या'चा. गोळी सोडली की दाब पुन्हा वाढतो, म्हणून गोळीची सवय लागली, असे पुष्कळांस वाटते. चष्मा काढला म्हणजे अक्षर पुसट दिसते, म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. गोळी दाब आटोक्यात ठेवते, मूळ प्रवृत्ती काढून टाकत नाही. म्हणून ती बहुधा चालू ठेवावी लागते. हा आक्षेप गैरसमजाचा आहे, आणि दोन मिनिटांच्या बोलण्याने तो दूर होतो. पण तो बोललाच गेला नाही तर दूर कसा होणार?

तिसरा आक्षेप मात्र गैरसमजाचा नाही. "गोळीने मला त्रास होतो," असे रोगी म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो अगदी बरोबर असतो. याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८१ साली अमेरिकेत कॅप्टोप्रिल हे औषध वापरात आले. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडे. ही औषधे गुणकारी ठरली. परंतु ती घेणाऱ्या काही लोकांना कोरडा, चिवट खोकला येई. खोकल्याचा आणि रक्तदाबाच्या गोळीचा काय संबंध, असे कोणालाही वाटावे. पुढे उलगडा झाला. ही गोळी शरीरातील ज्या विकराला अडवते, तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निचरा करीत असते. निचरा थांबला की ते द्रव्य साचते आणि घसा व श्वासनलिका खवखवत राहते. १९९५ साली लोसार्टान हे औषध बाजारात आले. ते जवळपास तेच काम दुसऱ्या वाटेने करते आणि हा खोकला सहसा आणत नाही. आज ज्याला खोकला येतो त्याची गोळी बदलणे हे डॉक्टरांना क्षणाचे काम आहे. अट एकच : रोग्याने सांगितले पाहिजे. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, काही जुन्या औषधांनी पुरुषांच्या कामशक्तीवर परिणाम होतो. या शेवटल्या गोष्टीबद्दल तर रोगी संकोचाने बोलत नाही आणि डॉक्टर घाईने विचारीत नाहीत. गोळी मात्र बंद होते.

न सांगण्याची आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे गोळीबरोबर काढाही चालू असतो, आणि तो डॉक्टरांना सांगायचा नसतो, कारण ते रागावतील. आता ज्येष्ठमध ही साधी, गोड, घरगुती वस्तू. परंतु ती मोठ्या प्रमाणात व बरेच दिवस घेतली तर शरीरात मीठपाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब चढतो. गुडघ्यांसाठी घेतलेल्या कित्येक वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवतात. इकडे काढा व वेदनाशामक दाब वर ओढीत आहेत, तिकडे डॉक्टर कोड्यात पडून गोळीची मात्रा वाढवीत आहेत. हे काढा चांगला की गोळी चांगली असे भांडण नव्हे. एका हाताला दुसऱ्या हाताची खबर नाही, हे खरे दुखणे आहे.

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. समजा, गैरसमज नाही, त्रासही नाही, तरीही रोगी म्हणतो, "मला ही गोळी नको." असे म्हणणे कधी शहाणपणाचे असू शकते काय? ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे आकडे येथे उपयोगी पडतात. तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९८५ साली सौम्य उच्च रक्तदाबावरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३५ ते ६४ वर्षे वयाचे १७ हजारांहून अधिक लोक तीत होते. सुमारे निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. खऱ्या गोळीच्या गटात ६० जणांना पक्षाघाताचा झटका आला, दुसऱ्या गटात १०९ जणांना. म्हणजे झटके जवळजवळ निम्म्यावर आले! डॉक्टर हे सांगतील आणि ते खरे आहे. परंतु हेच आकडे दुसऱ्या रीतीने मांडता येतात. अशा सौम्य दाबाच्या ८५० लोकांनी वर्षभर गोळी घेतली, तेव्हा त्यांतल्या साधारण एकाचा झटका टळला. उरलेल्यांपैकी बहुतेकांना गोळी न घेताही त्या वर्षी झटका आला नसता. हेही तितकेच खरे आहे.

एकाच आकड्याला दोन तोंडे कशी, असे कोणी विचारील. सौम्य दाबाच्या माणसाचा मूळ धोकाच लहान असतो, आणि लहानाचे निम्मे लहानच राहते. जो एकदा झटक्यातून वाचला आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत किंवा ज्याचा दाब फार चढलेला आहे, त्याचा मूळ धोका मोठा. त्याच्या बाबतीत निम्मे म्हणजे पुष्कळ झाले. त्याने गोळी नाकारणे म्हणजे जुगार खेळणे होय. पण ज्याचा दाब जेमतेम १४०/९० च्या वर आहे आणि बाकी प्रकृती ठीक आहे, तो जर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला तीन महिने द्या. पापड, लोणचे, फरसाण सोडतो, रोज चालतो, वजन उतरवतो आणि घरी दाब मोजून वहीत लिहून आणतो," तर त्याचे म्हणणे वावगे नाही. काहींचा दाब डॉक्टर समोर दिसले म्हणजेच वाढतो, हेही आता मान्य झालेले आहे. घरच्या मोजण्याने ते उघड होते. फक्त मुदत ठरलेली असावी आणि त्या दिवशी वही घेऊन जावे. मुदतीने मागितलेला वेळ हा विचार आहे. बिनमुदतीचा वेळ ही टाळाटाळ आहे.

या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत. काही औषधे अचानक सोडणे हाच एक अपघात असतो. अपस्माराची गोळी एकाएकी थांबवली तर झटक्यांवर झटके येऊ शकतात. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात सोडले तर शरीर कोसळू शकते. प्रोप्रॅनोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीतली कळ उफाळून येते. ही औषधे नको वाटली तरी पायरीपायरीनेच उतरावी लागतात, आणि त्या पायऱ्या डॉक्टरांनाच ठाऊक असतात.

दुसरी मर्यादा शेजाऱ्याची. क्षयाचा रोगी महिना-दोन महिने औषध घेतो, ताप जातो, भूक लागते आणि त्याला वाटते, झालो बरा. शिवाय रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस घाबरून औषधच सोडतो. सहा महिन्यांचे औषध दोन महिन्यांत सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि तेच जंतू घरातल्या लेकरापर्यंत पोचतात. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले, की गरीब वस्तीतला रोगीसुद्धा घरी राहून औषधाने आरोग्यधामातल्याइतकाच बरा होऊ शकतो. पण तेथील डॉक्टरांनी केवळ 'हो, हो' वर विश्वास ठेवला नव्हता. ते अवचित घरी जाऊन गोळ्या मोजीत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहात. रोगी खोटारडा असतो म्हणून नव्हे, तर मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणे त्याला जड जाते म्हणून.

आता दोन शब्द डॉक्टरांविषयी. त्यांच्या दारात रांग असते आणि एका रोग्यासाठी मिनिटे मोजकीच असतात, हे आम्ही जाणतो. तथापि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात स्पष्ट केले, की उपचारासाठी रोग्याची संमती लागते, आणि ती खरी ठरायची तर उपचार कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे त्याला पुरेसे सांगितलेले असले पाहिजे. 'मी सांगतो म्हणून' हे कारण आता पुरत नाही. "गोळी घेता ना?" या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येणार. त्याऐवजी, "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असे विचारून पाहावे, खरे उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ वाढतो. आणि गोळी परवडते का, हेही विचारावे. पैशाच्या अडचणीने औषध सोडणारा माणूस ती अडचण कधीच बोलून दाखवीत नाही. त्याला जन औषधी केंद्रातले स्वस्त औषध चालेल, एवढे चिठ्ठीवर लिहिले तरी काम भागते.

रोग्यानेही पुढल्या खेपेस खणातली ती पट्टी पिशवीत घालून न्यावी; काढ्याची बाटली असेल तर तीही न्यावी. टेबलावर ठेवावी आणि सरळ सांगावे, "डॉक्टरसाहेब, ही मी घेतली नाही, आणि कारण असे असे आहे." मग विचारावे : ही न घेतल्यास मला काय होईल, आणि त्याचा संभव किती? घेतल्याने तो किती कमी होईल? त्रास कोणता होऊ शकतो? हिच्याऐवजी दुसरे काही आहे काय? डॉक्टर क्षणभर रागावतील कदाचित. पण त्या क्षणी त्यांच्या हाती जी माहिती येते, ती कोणत्याही तपासणीत मिळत नाही. चिकित्सेचा चौथा पाय जमिनीला टेकतो तो तेव्हाच.