घाम, दमट हवा आणि अंगावरचा कपडा : सुती कधी, टेरिकॉट कधी? खरेदीपूर्वी जाणून घ्या

मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 अंशांवर जातो, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो बहुतेक दिवस 34-35 च्या आसपासच असतो. तरीही किनाऱ्यावरचा माणूस नुसता सावलीत बसला तरी घामाघूम होतो. कारण हवेतला दमटपणा. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून अंग थंड होतं. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम सुकणार कुठे? तो अंगावर आणि कपड्यात साचून राहतो. त्यामुळे अशा हवेत कपडा कसला घातलाय, हा प्रश्न फक्त फॅशनचा राहत नाही. घामोळं, जांघेतला नायटा आणि उन्हात काम करताना येणारी चक्कर, या तिन्हींचा कपड्याशी संबंध आहे.

कोणता कपडा घाम पितो?

सुती कापडाचा धागा पाणी शोषतो. अगदी कोरडं दिसणारं 100 ग्रॅम सुती कापडही साध्या हवेत साधारण 8 ग्रॅम ओलावा धरून असतं. तेवढ्याच पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नसतो. म्हणून पॉलिस्टरचा शर्ट घातला की घाम आतल्या आत राहतो, पाठीवरून ओघळतो आणि कापड अंगाला चिकटतं. शिवाय अंगाचं तेल पॉलिस्टरला घट्ट धरून बसतं, त्यामुळे धुतल्यावरही काखेचा वास पूर्ण जात नाही.

घरात, बाजारात, शाळेत, उन्हातल्या कामाला पातळ आणि सैल सुती कपडा सगळ्यात बरा. मलमल, खादी, पॉपलिन, कॅम्ब्रिक ही सगळी सुती कापडं आहेत, फक्त विणीत फरक. मात्र कापड सुती असलं तरी जाड आणि घट्ट असेल तर उपयोग नाही. जाड जीन्स सुतीच असते, पण दमट हवेत ती घालून दिवसभर काम करणं म्हणजे अंगाला ओली पट्टी गुंडाळण्यासारखं आहे. उन्हात फिकट रंग घाला, गडद रंग ऊन जास्त ओढतो.

सध्या बाजारात कुर्ती आणि गाऊन रेऑनचे भरपूर आहेत. रेऑन घाम शोषतो, अंगाला गारही लागतो. पण ओला झाला की त्याचा धागा कमजोर होतो. तो दगडावर आपटू नका, ब्रशने घासू नका आणि जोरात पिळू नका. सुतीचं उलट आहे, सुती धागा ओला असताना जास्त मजबूत असतो.

मग टेरिकॉट वाईटच का?

तसं नाही. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण, बऱ्याचदा 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के सूत. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही आणि टिकतं. जुलैत लावणीच्या वेळी दिवसभर पावसात भिजायचं असेल तर जाड सुती पँट तासन्‌तास ओली राहते, जड होते आणि जांघेत काचते. तिथे पातळ मिश्र कपडा सोयीचा पडतो. पण आतला कपडा, म्हणजे बनियन आणि अंतर्वस्त्रं, सुतीच हवीत आणि घट्ट नकोत. घरी आल्यावर ‘थोड्या वेळाने बदलू’ म्हणू नका. आधी अंग कोरडं पुसा आणि सुका कपडा घाला.

प्लास्टिकच्या रेनकोटचंही तसंच. पाऊस बाहेर राहतो, पण घाम आत कोंडतो. जुन्या इरल्याखाली वारा खेळत असे, ही त्याची मोठी सोय होती. रेनकोट घालणाऱ्यांनी पाऊस थांबला की तो काढून अंगाला हवा द्यावी.

दुकानात ओळखायचं कसं?

‘कॉटन आहे’ हे शब्द ऐकून कापड घेऊ नका. तयार कपड्याच्या आतल्या लेबलवर टक्केवारी असते, ती वाचा. सुटं कापड असेल तर मुठीत घट्ट चुरगळून सोडा. सुती कापडावर सुरकुत्या राहतात, पॉलिस्टर लगेच सरळ होतं. पाण्याचा थेंब टाकून पाहता येतो, पण नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे त्यावर थेंब लगेच मुरेलच असं नाही.

घरी खात्री करायची तर कडेचे दोन-तीन धागे काढा आणि चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेऑनही कागदासारखाच जळतो, त्यामुळे एवढ्यावरून सुती आणि रेऑन वेगळे ओळखू येणार नाहीत.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून शिवायला टाकण्याआधी ते पाण्यातून काढून वाळवा. बाळाच्या झबल्या-टोपड्यांचं कापड तर नवं असताना धुतल्याशिवाय वापरूच नका.

नायटा झाला तर

ओल्या, घट्ट कपड्यात कातडीवरची बुरशी फोफावते. जांघेत, काखेत, कमरेला गोल, लालसर, कडेने वाढणारा चट्टा उठतो आणि खाज सुटते. अशा वेळी मेडिकलमधून मनानेच मलम आणणं घातक ठरू शकतं. बाजारातल्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बरं वाटतं, पण बुरशी आत पसरते आणि नंतर औषधालाही लवकर दाद देत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा.

घरातल्यांनी टॉवेल, पंचा, चादर आणि अंतर्वस्त्रं एकमेकांची वापरू नयेत. आजारी माणसाचे कपडे वेगळे धुवा. सुती असतील तर कडकडीत गरम पाण्यात भिजवा, उन्हात वाळवा आणि शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. घरात एकालाच औषध आणि बाकीचे खाजवतायत, असं असेल तर सगळ्यांनीच तपासून घ्या, नाहीतर नायटा फिरून येतो.

धुणं आणि वाळवणं

घामाचे कपडे बादलीत गोळा करून दोन दिवस ठेवू नका. त्याच दिवशी धुणं जमत नसेल तर निदान दोरीवर पसरून टाका. पावडर जास्त टाकली म्हणून कपडा जास्त स्वच्छ होत नाही, उलट कापडात राहिलेल्या साबणाने खाज सुटते. म्हणून दोन पाण्यांतून नीट खंगाळा.

पावसाळ्यात घरात वाळत घालताना दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, कपडे उलटे करा आणि पंख्याच्या वाऱ्याखाली टाका. शिवण, खिसा आणि नाडीची पट्टी दमट असेल तर कपडा वाळलेला नाही. तशीच घडी घातली की कुबट वास आणि काळे ठिपके ठरलेले. पावसाळाभर कपाटात ठेवायच्या सुती साड्यांना खळ घालू नका, कारण बुरशी आणि कसर दोन्ही खळीवर वाढतात.

पांढऱ्या सुती कपड्यावरचे ठिपके ब्लीचने जातात. रंगीत, रेशमी किंवा लोकरी कपड्याला मात्र ब्लीच लावू नका. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

चुलीपाशी आणि उन्हात

नायलॉन-पॉलिस्टरची साडी किंवा गाऊन पेटला की वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल होते. सुतीही पेट घेतं, पण वितळत नाही. म्हणून चुलीपाशी, गॅसपाशी सुती कपडा घाला आणि पदर खोचून घ्या. चुलीच्या वर दोरी बांधून कपडे वाळवणंही धोक्याचंच.

उन्हात काम करताना डोक्याला ओला सुती पंचा बांधा आणि अधूनमधून पाणी प्या. कुणाचं अंग खूप तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

सणासुदीला भारी साडी, चकचकीत शर्ट जरूर घ्या. पण रोजच्या वापराचा विचार केला तर महागड्या एका जोडापेक्षा साधे तीन सुती जोड जास्त कामाचे. एक अंगावर, एक दोरीवर आणि एक कपाटात सुका. दमट हवेत खरी गरज असते ती या तिसऱ्या सुक्या कपड्याची.