मोटारीचे मोल : घरचे आणि बाजारचे

खंडेनवमीच्या दिवशी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावोगावच्या अंगणांत धुऊन-पुसून उभ्या केलेल्या जीपगाड्यांना, मोटारींना आणि ट्रॅक्टरांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. त्यांतील एखादी मोटार बारा-पंधरा वर्षांची असते. घरातील मुलगी तिच्यातूनच सासरी गेलेली असते आणि आजोबांना मध्यरात्री पुण्याच्या रुग्णालयात तिनेच पोचविलेले असते. हीच मोटार पुढे विकावयास काढली, की गिऱ्हाईक टायर दाबून पाहते, इंजिनाचा आवाज ऐकते आणि मालकाच्या अपेक्षेच्या जेमतेम निम्मी रक्कम बोलते. मालकास तो आपला अपमान वाटतो. वस्तुतः यात कोणी कोणास फसवीत नसते. मालक मूल्य सांगत असतो आणि गिऱ्हाईक भाव सांगत असते.

या भागातील शेतकऱ्यास हा फरक नवा नाही. दौंडहून जवळच असलेल्या, श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी येथील जनावरांच्या बाजारात तो पिढ्यान्‌पिढ्या अनुभवास येत आला आहे. घरच्या बैलाचा स्वभाव, त्याची औताची चाल, त्याची दुखणी या सर्व गोष्टी धन्यास ठाऊक असतात. हेड्याला मात्र दात, खूर आणि वशिंड एवढेच दिसते आणि रुमालाखाली बोटे धरून तो तेवढ्याचाच भाव करतो. मोटारीच्या बाबतीत हेच घडते. मात्र येथे विमा, कर व घसारा यांचे नियम मध्ये येतात आणि ते न जाणणाऱ्या कुटुंबाची हजारो, प्रसंगी लाखो रुपयांची हानी होते.

मालकाच्या मूल्यात काय असते?

मालकाच्या दृष्टीने मोटारीचे मूल्य म्हणजे प्रथमतः ती जी सेवा देते तिचे मोल होय. ही सेवा ठिकाणागणिक बदलते. दौंड हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील मोठे जंक्शन असून तेथून मनमाडकडे फाटा निघतो. दौंड शहरातील नोकरदारास पुण्यास जाण्यासाठी रेल्वे उपलब्ध आहे. त्याची मोटार आठवड्यातून एक-दोनदाच बाहेर पडली, तरी त्याचे अडत नाही. उलटपक्षी शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. भीमेच्या उत्तर तीरावरील मांडवगण फराटा किंवा तालुक्याच्या दुसऱ्या टोकास असलेले पाबळ अशा गावी शेवटची एस. टी. निघून गेल्यावर आजाऱ्यास हलवावयाचे झाल्यास दारातील मोटार किंवा शेजाऱ्याची मोटार हाच आधार असतो. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या दोन मोटारींचा बाजारभाव एकच असेल. परंतु दौंड शहरातील मालकास आणि पाबळच्या मालकास त्यांचे मोल सारखे असणार नाही. शिरूरच्या गाडीवर पुण्याचा एमएच १२ आणि दौंडच्या गाडीवर बारामतीचा एमएच ४२ हा क्रमांक असतो, एवढाच फरक बाजार पाहतो.

दुसरा भाग माहितीचा आहे. आपल्या गाडीचे तेल केव्हा बदलले, क्लच कोणत्या साली घातला, पावसाळ्यात ती कोठे कुरकुरते, हे मालक जाणतो. परक्या गाडीविषयी ही माहिती पैसे देऊनही पूर्णपणे मिळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे विशद केले. विकणाऱ्यास गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा चांगल्या गाडीचाही भाव सर्वसाधारण, किंबहुना सदोष गाडी गृहीत धरूनच देतो. परिणामी निगा राखलेल्या गाडीच्या मालकाचे नुकसान होते आणि अशा गाड्या बाजारात येणेच कमी होते. या विवेचनाबद्दल अॅकरलॉफ यांना २००१ साली इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्तीच्या पावत्या आणि सर्व्हिसिंगची नोंदवही जपून ठेवणारा मालक विक्रीच्या वेळी चार पैसे अधिक का मिळवितो, याचे उत्तर यातच आहे.

तिसरा भाग ममतेचा. तो केवळ ग्रामीण भाबडेपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही. कानेमान, नेत्श आणि थेलर या तिघा संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले होते. ज्यांना मग मिळाले त्यांनी तो विकण्यासाठी सुमारे ७ डॉलर मागितले. ज्यांना मिळाले नव्हते ते त्यासाठी सुमारे ३ डॉलरच देण्यास तयार होते. काही मिनिटे हाती असलेल्या मगाची ही कथा, तर बारा वर्षे दारात उभ्या असलेल्या मोटारीविषयी काय बोलावे!

बाजार कसा ठरवितो?

जुन्या पिढीतील अनेकांच्या मनात गाडी ही सोन्यासारखी ठेव असल्याची समजूत आढळते. ती निराधार नव्हती. परवाना पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि तत्काळ मिळणाऱ्या वापरलेल्या स्कूटरला कारखान्याच्या किमतीहून अधिक भाव येई. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती मोटार आली, १९९१ नंतर परवाना पद्धती शिथिल झाली आणि चित्र पालटले. आज शिरूर तालुक्यातीलच रांजणगाव औद्योगिक वसाहतीत टाटा व फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात मोटारी तयार होत आहेत. नवी गाडी मागताक्षणी मिळू लागली, की जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या किमतीस बांधला जातो.

याचे ताजे उदाहरण २२ सप्टेंबर २०२५ चे आहे. त्या दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि साहजिकच जुन्या गाड्यांना मिळू शकणारी किंमतही खाली आली. वास्तविक आदल्या दिवशी न्हावरे किंवा यवत येथे दारात उभी असलेली मोटार दुसऱ्या दिवशीही तीच होती व तितकेच काम देत होती.

यात व्यापाऱ्याचाही वाटा असतो. तो गाडी घेतो एका भावाने आणि विकतो दुसऱ्या भावाने. मधल्या नफ्यावर नोंदणीकृत व्यापाऱ्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर भरावा लागतो. त्यामुळे ‘बाजारभाव’ हा शब्द एकवचनी असला, तरी विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे भाव दोन असतात. दुरुस्तीचा निर्णय घेताना नेमके हेच विसरले जाते.

समजा, एका शिक्षकाच्या बारा वर्षांच्या मोटारीस चालू स्थितीत १,००,००० रुपये येतील. इंजिनाच्या कामास ६०,००० रुपये खर्च आहे आणि बिघडलेल्या स्थितीत ती ५०,००० रुपयांस जाईल. वरवर पाहता ६०,००० रुपये घालून गाडीची किंमत केवळ ५०,००० रुपयांनी वाढते. म्हणजे दुरुस्ती तोट्याची. परंतु शाळेस जाण्यासाठी त्यांना मोटार हवीच असेल, तर तशीच दुसरी गाडी घेताना व्यापाऱ्याचा नफा, नाव बदलण्याचा खर्च, नवे टायर व बॅटरी धरून १,३०,००० रुपये पडतील. जुन्या गाडीचे ५०,००० रुपये वजा जाता ८०,००० रुपये पदरचे घालावे लागतील आणि वर परक्या गाडीचा स्वभाव नव्याने शिकावा लागेल. या शिक्षकांनी दुरुस्ती करणेच शहाणपणाचे ठरेल. मात्र ‘मागच्या वर्षी तिच्यावर चाळीस हजार घातले आहेत’ हे कारण या हिशेबात बसत नाही. गेलेला पैसा गेला. दुरुस्ती केली तरी आणि गाडी विकली तरी तो परत येत नाही. याच चुकीपायी अनेक कुटुंबे खिळखिळ्या गाडीत वर्षामागून वर्षे पैसा ओततात.

विम्याची गाठ

विक्री आणि दुरुस्ती यांचा निर्णय निदान मालकाच्या हाती असतो. अपघातात गाडी चक्काचूर झाली किंवा चोरीस गेली, तर तसे नसते. अशा वेळी विमा कंपनी किती रक्कम देईल, हे विमापत्रावर ‘आयडीव्ही’ या अक्षरांपुढे लिहिलेल्या आकड्यावर, म्हणजे विम्यापुरत्या घोषित मूल्यावर अवलंबून असते. दुर्दैवाने विमा उतरविताना अनेक जण हा आकडा वाचतही नाहीत.

हे मूल्य ठरविताना उत्पादकाने जाहीर केलेली त्या गाडीची विक्री किंमत घेऊन त्यातून घसारा वजा केला जातो. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकातून चालत आलेल्या तक्त्यानुसार हा घसारा पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असतो. पाच वर्षांनंतर कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने मूल्य ठरवावयाचे असते. नोंदणीच्या वेळी भरलेला मोटार वाहन कर यात धरला जात नाही. महाराष्ट्रात व्यक्तिगत मालकीच्या पेट्रोल मोटारीवर हा एकरकमी कर किमतीच्या किमान ११ टक्के असतो, हे लक्षात घेतले म्हणजे विम्याचा आकडा मालकाच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा किती मागे राहतो, याची कल्पना येते.

समजा, साडेचार वर्षांच्या मोटारीची विक्री किंमत ८,००,००० रुपये आहे. तिचे घोषित मूल्य ४,००,००० रुपये होते. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ३,००,००० रुपयांहून अधिक येत असेल, तर गाडी ‘संपूर्ण हानी’त धरली जाते आणि सक्तीची वजावट सोडून घोषित मूल्य देण्यात येते. आता हप्ता कमी व्हावा म्हणून मालकाने हे मूल्य ३,००,००० रुपयेच लिहू दिले असेल, तर? स्वतःच्या गाडीच्या हानीपोटी असलेल्या हप्त्याचा दर शेकडा २ रुपये धरला, तरी वर्षाकाठी बचत २,००० रुपयांची. अपघात झाल्यास नुकसान पूर्ण १,००,००० रुपयांचे. शिवाय ७५ टक्क्यांची मर्यादा २,२५,००० रुपयांवर येते, म्हणजे एरवी दुरुस्त होऊ शकली असती अशी गाडीही भंगारात जाण्याचा संभव वाढतो. एजंटाने सांगितलेला सर्वांत स्वस्त हप्ता पुष्कळदा असाच स्वस्त झालेला असतो.

किरकोळ अपघातातही सुट्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर मात्र काहीच नाही. ही कपात टाळणारे, तसेच संपूर्ण हानी झाल्यास मूळ खरेदीची रक्कम देणारे पूरक विमे मिळतात. ते सामान्यतः नव्या गाड्यांपुरते असतात. सर्वेक्षकाचा अहवाल मान्य नसेल, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून त्यानंतर पुणे येथील विमा लोकपालांकडे अथवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र विमापत्रावर स्वतः सही करून मान्य केलेले कमी मूल्य तेथे वाढवून मिळेल, अशी आशा धरू नये.

विमा मालकाच्या मनातील मोल का देत नाही, याचे कारण विम्याच्या तत्त्वात आहे. विमा हानी भरून देतो, लाभ करून देत नाही. बाजारभावाहून अधिक रक्कम मिळू लागली, तर मोटारी जळण्याचे आणि चोरीस जाण्याचे प्रमाण वाढल्याशिवाय राहणार नाही. जमिनीच्या बाबतीत कायद्याने वेगळी वाट धरली आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर १५ टक्के दिलासा रक्कम होती, १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने १०० टक्के. मालकाच्या इच्छेविरुद्ध जमीन घेतली जाते तेव्हा बाजारभावाने त्याची हानी भरून निघत नाही, याची ही कायदेशीर कबुलीच होय. मोटारीस असा दिलासा नाही. कारण दुसरी मोटार मिळू शकते, वडिलोपार्जित शिवार मिळू शकत नाही.

शासकीय वाहनांच्या बाबतीत वयाची मर्यादा निश्चित आहे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. गाडी कितीही उत्तम चालत असली, तरी तिचे निर्लेखन करून ती मोडीत काढावी लागते. खाजगी मोटारीचे आपल्या राज्यात तसे नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून व पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. ज्यांना ती मोडीत काढावयाची असेल, त्यांना केंद्राच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के रक्कम अपेक्षिता येते.

आणि मोडीत न काढता कोणी ती पन्नास वर्षे सांभाळलीच, तर? २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीस व्हिंटेज वाहन म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणी १० वर्षांची असून शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीसारखे मेळावे, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. सेवेचे मोल संपलेले आणि ममतेचे तेवढे उरलेले, अशी ही मोटार. आणि तिच्यासाठी मात्र बाजारात हौशी गिऱ्हाईक भाव वाढवून थांबलेले असते.