आघाताचे मोजमाप : स्वयंनिवेदन प्रश्नावली

शरीराचा ताप तापमापकाने मोजता येतो. परंतु युद्ध, भूकंप, अपघात वा अत्याचार यांतून वाचलेल्या माणसाच्या मनाला झालेली जखम कशाने मोजावी? मानसशास्त्राने यासाठी जी साधने घडविली, त्यांत स्वयंनिवेदन प्रश्नावली हे एक महत्त्वाचे साधन होय. पीडित व्यक्तीने एकेक विधान वाचून, तो त्रास आपणास कितपत होतो, हे स्वतःच अंकांत नोंदवावयाचे, अशी तिची रीत आहे.

मार्डी हॉरोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली अमेरिकेत ‘इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल’ ही पंधरा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नको असताना उसळून येणाऱ्या आठवणी आणि त्या टाळण्याची धडपड, ही तिची दोन अंगे होती. १९८० साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत दचकणे, चिडचिड, सततची सावधगिरी यांची भर पडून विधाने २२ झाली. आज प्रचलित असलेल्या ‘पीसीएल-५’मध्ये मागील महिन्यातील त्रासाविषयी वीस प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण ८०. बेरीज साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेल्यास अधिक तपासणी इष्ट मानली जाते.

ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी तज्ज्ञाने समक्ष बोलणे आवश्यक असते. लज्जेपोटी कोणी त्रास लपवितो. कोणाला प्रश्नच उमगत नाही. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. कंबोडिया, लाओस व व्हिएतनाम येथील निर्वासितांसाठी रिचर्ड मॉलिका प्रभृतींनी ‘हार्वर्ड ट्रॉमा क्वेश्चनेअर’ सिद्ध केली, तेव्हा त्या लोकांच्या दुःखाच्या स्वतःच्या शब्दांनाही तीत स्थान दिले. आपल्याकडेही दुःख पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलते : ‘काळजात धस्स होते’, ‘छातीवर दडपण येते’. शब्दशः भाषांतरात हे निसटून जाते. म्हणून मराठी अनुवाद दुसऱ्या जाणकाराकडून मूळ भाषेत उलट करवून पडताळणे, आणि सामान्य वाचकांसमोर ठेवून पाहणे, अगत्याचे ठरते.

शाळेत वा मदत छावणीत अशी प्रश्नावली वाटणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. उत्तरे गुप्त राहतील याची हमी द्यावी, आणि पुढील उपचारांची सोय आधी करावी. कागद भरून घेऊन माणसाला एकटे सोडणे, हा त्याच्यावर दुसरा आघात ठरू शकतो.