चित्रमुद्रित साक्षींचें जतन

दप्तराचा रुमाल सोडतांना कसर, वाळवी व ओल या तीन शत्रूंचा अनुभव संशोधकांस येतोच. चित्रफितीचे शत्रू निराळे असून अधिक घाईचे आहेत. त्यांचा प्रतिकार कसा करितात, याचें एक उदाहरण येथें देतों.

हिटलरच्या राजवटींत सुमारें ६० लक्ष यहुदी मारले गेले. त्या संहारांतून वांचलेल्यांच्या साक्षी टिपण्यासाठीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं १९९४ सालीं अमेरिकेंत शोआ फाउंडेशन ही संस्था स्थापिली. तिनें पुढील कांहीं वर्षांत ५६ देशांत व ३२ भाषांत सुमारें ५२,००० साक्षी चित्रमुद्रित केल्या. प्रत्येक साक्षीच्या आरंभीं साक्षीदाराचें नांव, दिनांक, स्थळ व भाषा सांगितलेली असते. पोथीची पुष्पिका अखेरीस असते, ती येथें आरंभीं, एवढाच भेद.

या साक्षी बीटाकॅम जातीच्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या सुमारें २,३५,००० फितींवर होत्या. फितीवरील चुंबकीय थर कालांतरानें बिघडतो. तो शाबूत राहिला तरी फीत चालविणारें यंत्रच दुर्मिळ होतें. मोडी वाचणारा न उरल्यास दप्तराची जी दशा, तीच यंत्रावांचून फितीची. म्हणून संस्थेनें २०१२ पर्यंत सर्व फिती अंकरूपांत उतरविल्या. कांहींतील चित्र वा ध्वनि दूषित निघाला. त्यांची दुरुस्ती स्वतंत्रपणें करावी लागली.

लेखकानें पोथीची नक्कल केली कीं पाठभेद शिरावयाचाच. अंकरूप प्रतीचें तसें नाहीं. तिच्यांतील सर्व अंकांवरून गणितानें ताळ्याचा एक लहान आंकडा काढितात. नव्या नकलेचा आंकडा त्याच्याशीं जुळला, तर दोहोंत फरक नाहीं अशी खात्री पटते. न जुळल्यास अन्यत्र ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हां नक्कल करितात. मात्र अंक सांठविण्याचें साधनहि नाशवंत असल्यानें दर कांहीं वर्षांनीं नवी नक्कल करणें चुकत नाहीं. पोथी शंभर वर्षें माळ्यावर विसरली तरी सांपडूं शकते; अंकरूप प्रत विसरली कीं गेलीच.

लेखी उतारा असतां एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. साक्षीदार कोणत्या नांवाशीं थांबला, कोठें त्याचा कंठ दाटला, हें उताऱ्यांत येत नाहीं. हा संहार झालाच नाहीं, असें म्हणणारे आजहि आहेत. आणि ज्यांना समक्ष विचारावें असे साक्षीदार वर्षागणिक कमी होत आहेत. यापुढें त्यांच्या वतीनें या प्रतीच बोलणार आहेत. ज्यांच्या संग्रहीं वृद्धांच्या आठवणींच्या जुन्या फिती पडून असतील, त्यांनीं यंत्र मिळत आहे तोंवरच त्या उतरवून घ्याव्या.