नाव अवघड की कान?



परवा आमच्या शेजारी बारसे होते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्यापूर्वीच घरात वाद रंगला. आजोबांनी ‘इळा’ हे नाव सुचवले होते. इळा म्हणजे पृथ्वी. काकांना ते पसंत नव्हते. ते म्हणाले, “उद्या मुलगी दिल्लीला किंवा परदेशी गेली, तर तिथे कोणाला हे नाव घेता येणार? जन्मभर सगळे तिला ‘इला’ म्हणतील.” मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याचा बारशाशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पण नाव म्हणजे अखेर ध्वनीच, नाही का? तेव्हा आधी ध्वनीकडे पाहू आणि मग काकांना उत्तर देऊ.

सतरा सेंटिमीटरची नळी

आपल्या नाशिकचेच एक नाव घेऊ: धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांचे हे पूर्ण नाव. १९१२ साली ते चित्रपटाची सामग्री आणण्यासाठी लंडनला गेले आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर होतो, तेव्हा हिंदी बातम्यांत ‘फाल्के’ असे ऐकू येते. ‘ळ’ गेला कुठे?

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत आपल्या तोंडात एक नळी असते. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर भरते. तिचे स्वरतंतूंकडील टोक बंद आणि ओठांकडील उघडे मानले, तर तुम्ही प्रयोगशाळेत वापरता तशी ही अनुस्पंदन नळी झाली. अशा नळीत पहिले अनुस्पंदन होते, तेव्हा तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे ६८ सेंटिमीटर असते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा आणि भागाकार करा. कंप्रता ५०० हर्ट्‌झ येते. पुढची अनुस्पंदने तिच्या तिप्पट व पाचपट, म्हणजे १५०० आणि २५०० हर्ट्‌झवर येतात. तोंड सैल सोडून ‘अ’ म्हटले की साधारण हेच आकडे मिळतात.

मात्र आपली नळी काचेची नाही. जीभ हलली की तिचा आकार बदलतो आणि हे आकडेही सरकतात. आता ‘ल’ म्हणा, मग ‘ळ’ म्हणा. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना ते वर वळून टाळूकडे जाते आणि झटक्याने खाली येते. टोक असे वळले की तिसरे अनुस्पंदन खाली ओढले जाते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला मोठा फरक हा एवढाच. ज्याच्या कानाला तो टिपण्याची सवय आहे, त्याला दोन वेगळे वर्ण ऐकू येतात. ज्याला नाही, त्याला दोन्ही वेळा ‘ल’च ऐकू येतो.

कागदाची पट्टी आणि गळ्यावरचा हात

आता एक सोपा प्रयोग करा. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरा आणि दुसरा हात गळ्यावर ठेवा. प, फ, ब, भ हे वर्ण सावकाश उच्चारा. ‘फ’ म्हणताना मात्र ओठ पूर्ण मिटून मग उघडा. नुसती फुंकर नको. ‘प’ला पट्टी जेमतेम हलते, ‘फ’ला जोराने उडते. ‘ब’ला ओठ उघडण्यापूर्वीच गळ्यात कंप जाणवतो. ‘भ’ला कंपही असतो आणि पट्टीही हलते.

लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली हाच प्रश्न यंत्राने मोजला. ओठ किंवा जीभ सुटल्याच्या क्षणापासून स्वरतंतू किती आधी वा किती नंतर कंप पावू लागतात, हे त्यांनी अकरा भाषांत पाहिले. त्यांत आपली मराठीही होती! बहुतेक भाषांतील वर्ण या एका मापाने वेगळे काढता आले. पण मराठी व हिंदीतील ब-भ, द-ध या जोड्यांना ते माप पुरले नाही, कारण तिथे कंपाबरोबर श्वासही मोजावा लागतो.

इंग्रजीत अशा चार कप्प्यांऐवजी दोनच कप्पे आहेत. शिवाय इंग्रजांची जीभ ‘द’ आणि ‘ड’ यांच्या मधल्या जागी टेकते. म्हणून ‘धुंडिराज’मधले ध आणि ड हे दोन्ही वर्ण इंग्रज कानाला जवळजवळ एकच वाटू शकतात.

सहा महिन्यांचे परीक्षक

मग परदेशी माणसाचा कान जन्मतःच कमी असतो का? मुळीच नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांवर प्रयोग केले. ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. बाळाला एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळवली की त्याला हलणारे खेळणे दिसे. ऐकवलेल्या जोड्यांपैकी एक होती हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांची. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. त्याच वयाच्या हिंदी घरांतील बाळांना मात्र तो कळत होता.

याचा अर्थ असा, की आपण सारे उघड्या कानांनी जन्मतो. पहिल्या वर्षात मेंदू घरची भाषा ऐकतो, तिला लागणारे फरक जपतो आणि बाकीच्यांकडे लक्ष देणे सोडतो.

माझी एक चूक

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही माझ्या हातून एक चूक घडली. कारखान्यांमुळे आपल्या नाशिकला देशभरातून कुटुंबे येतात. अशाच एका तमिळ घरातील मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या नावात तमिळमधला एक खास वर्ण होता. रोमन लिपीत तो झेड-एच असा लिहितात. हजेरीपटावर इंग्रजीत नाव; मी सरळ ‘झ’ वाचत असे. पोरे हसत. काही दिवसांनी ती तासानंतर येऊन म्हणाली, “सर, नुसता रोल नंबर म्हटलात तरी चालेल.”

मला फार लागले. ‘फाल्के’ ऐकून चिडणारा मी, एका मुलीला तिचे नाव सोडायला लावत होतो! ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटचा वर्णही हाच. आपण तिथे ‘ळ’ म्हणतो. तमिळ माणूस मात्र जीभ वळवतो, पण टाळूला टेकवत नाही. मी तिलाच शिकवायला सांगितले. पहिल्या दिवशी तिचा उच्चार आणि माझा उच्चार यांतला फरक मला ऐकूच येईना. रोज हजेरीच्या वेळी ती एकदा म्हणे, मी एकदा म्हणे. दोन-तीन आठवड्यांनी फरक ऐकू येऊ लागला आणि मग जीभही वळली. वर्गाचे हसणे त्याआधीच थांबले होते.

सवयीने मिटलेला कान सरावाने पुन्हा उघडतो, याला प्रयोगांचाही आधार आहे. जपानी प्रौढांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ सहसा वेगळे ऐकू येत नाहीत. निरनिराळ्या माणसांचे आवाज ऐकवून, प्रत्येक वेळी चूक-बरोबर सांगून सराव दिला, तेव्हा त्यांना ते पुष्कळ चांगले ओळखता येऊ लागले.

सर्वच अडचणी मात्र कानाच्या नसतात. काही लिपीच्याही असतात. ‘ज्ञ’ हे एकच अक्षर आपण द्न्य, हिंदी माणूस ग्य आणि गुजराती माणूस ग्न असे वाचतो. इथे विचारले की काम भागते.

काकांना काय सांगितले?

मी म्हणालो, “तुमची शंका खरी आहे. ‘ळ’ नसलेल्या मुलखात पहिल्या फटक्यात बहुतेक लोक ‘इला’च म्हणतील. मुलीला दहा वेळा सांगावे लागेल, हे धरून चाला. तेवढे नको असेल तर दुसरे नाव निवडा. त्यात काही गैर नाही. पण नावच अवघड आहे असे म्हणू नका. इळा म्हणणे आपल्या वर्षाच्या बाळाच्याही कानाला जड नाही.” आजोबा हसले. नाव इळाच ठेवले.

आता तुमच्यासाठी काम. वर्गातील ज्या मुलाचे नाव सगळे चुकीचे घेतात, त्याच्याकडे जा. ते नाव त्याच्या घरी कसे घेतात, हे त्यालाच म्हणायला सांगा. जीभ कुठे टेकते, पट्टी हलते का, गळ्यात कंप आहे का, ते पाहा आणि वहीत लिहा. फरक ऐकू आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. हजेरीला लागणारे ते अर्धे मिनिट वाया जात नाही.